साथीला कोण होतं

बाबा कार्यक्रम वाजवून घरी आले की आई दाराची कडी काढता काढताच विचारायची, "काय हो, नाव घेतलं का?" जेवलात का, दमलात का, उशीर का झाला, हे सगळं नंतर. आधी नाव.

बाबा पेटी वाजवायचे. पोटापाण्याला एका विमा कचेरीत कारकुनी, आणि शनिवार-रविवारी नाट्यगीतं, भावगीतं, अभंग गाणाऱ्यांना साथ. साथ म्हणजे काय, ते ज्यांनी केलेली नाही त्यांना कळायचं नाही. गायक जे गाईल ते जसंच्या तसं, अर्ध्या श्वासाच्या अंतराने पेटीवर काढायचं. त्याच्या पुढे जायचं नाही. फार मागेही राहायचं नाही. त्याला खोकला आला की जागा भरून काढायची, आणि पेटी जरा रंगायला लागली की त्याने डाव्या हाताचा पंजा नुसता हलवला तरी गप्प व्हायचं. गायकाच्या डाव्या अंगाला, वीतभर मागे, मान खाली घालून बाबांनी तीस वर्षं हे केलं. बदल्यात मिळायचं एक वाक्य. कार्यक्रम संपताना निवेदक म्हणायचा, तबल्यावर अमुक होते, पेटीवर तमुक होते. मग साथीदाराने बसल्या जागी अर्धवट उठून हात जोडायचे. झालं.

आणि तेवढंही धड व्हायचं नाही. मी लहान असताना एकदा गणपतीतल्या कार्यक्रमाला बाबांबरोबर गेले होते. तिथल्या त्या दीडशहाण्या निवेदकाने मांडववाल्याचे आभार मानले, लाइटवाल्याचे मानले, चहा देणाऱ्याचे मानले, ज्या बाईंनी गायिकेला टेकायला तक्क्या दिला त्यांचेही मानले, आणि 'वेळेअभावी' थांबला. बाबा मांडीवरची शाल बाजूला ठेवून उठायच्या तयारीत बसले होते. त्यांनी ती परत मांडीवर घेतली.

नाव घेतलेलं असलं की बाबा आल्या आल्या चहा मागायचे. नसलं की "घेतलं की" म्हणून थेट मोरीत पाय धुवायला जायचे आणि बराच वेळ धूत बसायचे. आई दुसऱ्यांदा विचारायची नाही. चहाचं आधण उतरवायची आणि पुटपुटायची, "मेले आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे." मला हा सगळा प्रकार आठव्या-नवव्या वर्षी कळला, आणि तेव्हापासून गाणारी जमात माझ्या डोक्यात गेली ती गेलीच. अजूनही एखादा गायक डोळे मिटून तान घ्यायला लागला की माझं लक्ष त्याच्या डाव्या हाताकडे असतं.

नवं शतक लागलं त्या सुमाराला गिरगावातली खोली विकून आम्ही मीरा रोडला आलो. पेणकरपाड्याच्या बाजूला, वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट 'लवकरच सुरू होईल'. ती लवकरच सुरू व्हायची राहिली ती राहिलीच. बाबा निवृत्त झाले होते. कार्यक्रमांची बोलावणी हळूहळू बंद झाली, कारण पेटीवाला दादरला मिळत असताना मीरा रोडहून कोण आणवतो? उरलं ते पेणकरपाड्यातलं भजनी मंडळ. तिथला बुवा म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या जागी ज्याच्या भावकीची भातखाचरं होती तो म्हातारा. तो बाबांना म्हणायचा, "मास्तर हाय तं भजन हाय, न्हायतर नुसता आरडा हाय." बाबा खूश व्हायचे. मला हसू यायचं, आणि चांगल्या अर्थाने नाही. टाळकुट्यांच्या कौतुकाचं काय डोंबल घेऊन बसायचं, असं मी एकदा तोंडावर म्हणालेही. आईने माझ्याकडे असं बघितलं की मी ताट घेऊन आत गेले.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. कॉमर्स अर्धवट सोडून मी मल्टिमीडियाचा कोर्स केला होता. त्या काळात मीरा रोडला दर दोन दुकानांमागे एक मल्टिमीडियाचा क्लास असायचा, आणि त्यातून बाहेर पडलेला प्रत्येक जण पुढच्या वर्षी हॉलिवूडचे डायनोसोर हलवणार असायचा. मी हलवत होते गुलाब. काशीमीऱ्याला हायवेच्या नाक्यावर, एका गॅरेजच्या वरच्या मजल्यावर आमचं दुकान होतं. लग्नाच्या कॅसेटींचं एडिटिंग. नवरा बदामात, नवरी बदामात, दोन बदाम येऊन एकमेकांवर आपटणार, वरून पाकळ्या. खालून ट्रक गेला की टेबल हादरायचं, माऊस हलायचा आणि नवऱ्याचं डोकं बदामाच्या बाहेर जायचं. मालकाची सौंदर्यदृष्टी एका वाक्यात मावायची, "बेटा, इसमें थोडा गुलाब और डाल." एका बाईने आपल्या मुलाच्या मुंजीतसुद्धा बदाम मागितला, आणि मालकाने तो द्यायला लावला. अशा लोकांत माझी कला कुजत होती, असं माझं मत होतं.

त्या दुकानात एक दिवस मिस आल्या. भाईंदरच्या एका कॉन्व्हेंट शाळेत संगीत शिकवायच्या आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या. पन्नाशी उलटलेली, शिडशिडीत बाई, अंगात फुलाफुलांचा सुती फ्रॉक, हातात प्लास्टिकची फाईल. घराणं भाईंदर पश्चिमेचं, पिढीजात ख्रिस्ती, त्यामुळे मराठी घरचीच. त्यांची तक्रार साधी होती. शाळेच्या कार्यक्रमात त्या ऑर्गनवर काही जुनं वाजवायला लागल्या की पालक गप्पा मारतात, मध्येच टाळ्या वाजवतात, किंवा मोबाइलवर साप खेळत बसतात. "ते वाईट नाहीत गं," मिस म्हणाल्या. "कान कुठे ठेवायचा ते त्यांना ठाऊक नाही. म्हणून मला ते दाखवायचंय."

त्यांनी इंटरनेटवर कुठेतरी एक फिल्म बघितली होती. संगीत वाजतंय आणि पडद्यावर रंगीत पट्ट्या सरकतायत. सूर लांब तर पट्टी लांब, सूर वरचा तर पट्टी वर. जो सूर आत्ता वाजतोय तो उजळतो. त्यांना तसं एका तुकड्यापुरतं करून हवं होतं. तीनशे वर्षांपूर्वीचं, जर्मनीकडचं, बरोक काळातलं, चर्चच्या ऑर्गनसाठी रचलेलं. त्या प्रकाराला म्हणतात फ्यूग. "चार आवाज आहेत," त्या म्हणाल्या. "चारही दिसायला हवेत. कळलं?"

मी हो म्हटलं. मी ऐकतच नव्हते, कारण त्याआधी त्या एक वाक्य बोलून गेल्या होत्या. त्यांच्या एका विद्यार्थिनीचे पप्पा अंधेरीच्या एका मोठ्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत वरच्या जागेवर होते. ते कार्यक्रमाला येणार होते. काम चांगलं झालं तर मिस ओळख करून देणार होत्या. त्यांनी फाईलमधून नोटेशनच्या झेरॉक्स काढल्या, उभ्या-आडव्या रेघांवर काळ्या मुंग्या. विचारलं, "स्टाफ नोटेशन वाचता येतं ना?"

"येस मिस," मी म्हटलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

मिसच्या चर्चमधल्या ऑर्गनला पाइप-बिइप नव्हते, तो विजेवर चालणारा होता. पण त्यात एक सोय होती. त्यावर वाजवलेलं सगळं फ्लॉपीत उतरायचं. कुठला सूर, कधी सुरू झाला, कधी संपला. ती फ्लॉपी मी घरच्या कॉम्प्युटरवर घातली. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेलं ते धूड बेडरूममध्ये खिडकीपाशी होतं. पायांनी वाजवलेला आवाज तेवढा वेगळा निघाला. हातांनी वाजवलेले वरचे तीन आवाज एकाच ढिगात आले. आता या ढिगातली कुठली पट्टी कुणाची, हे मला ठरवायचं होतं, आणि झेरॉक्सच्या मुंग्या माझ्याशी बोलत नव्हत्या. मिसना विचारलं असतं तर दहा मिनिटांचं काम. पण येस मिस म्हणून बसले होते ना!

मग मी माझ्या अकलेने केलं. जो सूर सगळ्यात वर, तो गायक. त्याला लालभडक, जाडजूड पट्टी. बाकीचे सगळे साथीला. त्यांना बारीक, फिकट, राखाडी. काय मजा आहे बघा. जन्मभर मी ज्या व्यवस्थेच्या नावाने बोटं मोडली, तीच पहिल्या झटक्यात पडद्यावर काढून ठेवली, आणि मला त्यात काही खटकलंसुद्धा नाही. गाणं म्हटलं की एक जण गाणार आणि बाकीचे त्याच्यासाठी बसलेले, याच्यापलीकडे काही असू शकतं हे डोक्यातच नव्हतं.

मालकाला दाखवलं. तो पडद्याकडे पाहून म्हणाला, "ये क्या पट्टी-पट्टी है? हीरो लालवाला है ना? तो उसको और मोटा कर." मला बरं वाटलं. ज्याला मुंजीतला बदाम चालतो त्याला माझं काम कळलं, याचा मला आनंद झाला. त्यावरून माझी लायकी काय होती ते समजून घ्या.

रविवारी दुपारी मी ते घरी चालवून बघत होते. बाबा पेपर घेऊन मागे पलंगावर बसले होते. पहिल्यांदा पेपर खडखडला, मग थांबला. थोड्या वेळाने ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"हे मागचं फिकट का केलंस?"

"ती साथ आहे, बाबा."

"कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला पाहिजे? वरचा मेन आहे. खालचे त्याच्यामागून तेच वाजवतायत."

"परत लाव बरं."

मी लावलं. एकटा आवाज सुरू झाला, एक लहानसा मुखडा म्हणाला. मग दुसरा आला, तोच मुखडा घेऊन. बाबांनी पुढे वाकून पडद्याला जवळजवळ नाक लावलं.

"अगं, हा बघ. पहिल्याने 'सा'वरून म्हटलं. दुसऱ्याने तेच, पण पंचमावरून उचललं. साथीदार गाण्याची पट्टी बदलतो का कधी? आणि हा पहिला बघ. दुसरा म्हणत असताना तो थांबलाय का? नाही. त्याने दुसरंच काहीतरी धरलंय. आता तिसरा. परत सा, पण खालच्या सप्तकात. थांब, थांब, मागे घे." मी मागे घेतलं. "यात कुणी साथीला बसलेलंच नाही गं!"

असं म्हणून ते हसले. मोठ्याने हसले, आई स्वयंपाकघरातून बघायला आली इतक्या मोठ्याने. मग म्हणाले, "आणि कुणी हात करून गप्पही करत नाही कुणाला," आणि चष्मा काढून पुसायला लागले. मी वैतागले. माझ्या तयार कामाची वाट लागली होती, आणि ती पेणकरपाड्याच्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्याने लावली होती.

पण ते बरोबर होते, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी मूर्ख होते, बहिरी नव्हते.

पुढचे चार रविवार बाबांनी पेटी बेडरूममध्ये आणून ठेवली. मी निम्म्या वेगाने वाजवायचे, ते ऐकायचे. तीस वर्षं दुसऱ्याच्या गळ्यातून निघालेली जागा पहिल्या ऐकण्यात पकडायची सवय, त्यामुळे मुखडा कुठेही, कसाही दडून आला तरी त्यांच्या बोटांना आधी कळायचा. ते त्या त्या आवाजाची ओळ पेटीवर काढायचे आणि मी ती पट्टी रंगवायचे. लाल, हिरवा, निळा. पायांच्या आवाजाला त्यांनी केशरी सांगितला. पायांनी गाणं वाजवतात याचं त्यांना फार अप्रूप वाटलं. "पायपेटीत पाय नुसती हवा भरतात," म्हणाले, "इथे पायालासुद्धा म्हणायला दिलंय."

एका ठिकाणी दोन पट्ट्या एकमेकींना ओलांडून जात होत्या. मी म्हटलं, वरची ती लाल. ते म्हणाले, नाही, हिरवा खालून वर चढलाय आणि लाल खाली उतरलाय. आम्ही त्यावर कडाक्याचं भांडलो. मी म्हटलं, "तुम्हाला यातलं काय कळतं, हे आपलं गाणं नाही." त्यांनी दोन्ही ओळी पेटीवर वेगवेगळ्या वाजवून दाखवल्या. लाल खाली उतरवला की ओळ सरळ चालायची, वर ठेवला की मध्येच ठेच लागल्यासारखी तुटायची. मी मुकाट्याने रंग बदलले. पुढे काही वर्षांनी मी नोटेशन शिकले तेव्हा त्याच झेरॉक्स काढून बघितल्या. त्या जागी हिरवा वर चढलेलाच होता.

शेवटच्या रविवारी सगळं पुरं झालं. आम्ही तिघांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. आईला काही कळलं नाही, पण ती बाबांकडे बघत होती. पेटीचा भाता बंद करता करता बाबा सहज विचारल्यासारखं म्हणाले, "शेवटी पाटी येते ना? सिनेमात येते तशी, नावांची?"

"येते."

"बरं," ते म्हणाले, आणि पेटीवर कापड घातलं. आई अजून दारात उभी होती. मी त्या घरात वाढलेली मुलगी. मला काय विचारलंय ते न कळायला मी काही निवेदक नव्हते.

मी पाटी केली. ऑर्गन, मिसचं नाव. अ‍ॅनिमेशन, माझं नाव. खाली तिसरी ओळ टाइप केली, 'आवाजांची ओळख', आणि पुढे बाबांचं नाव. बघितलं. वाटलं, हे काय दिसतंय? स्टुडिओचा माणूस विचारेल, हे कोण? मग सांगायचं का, की मला नोटेशन येत नाही, मी खोटं बोलले, आणि हे सगळं माझ्या बाबांनी पेटीवर काढून दिलं? मी ती ओळ पुसली. स्वतःला सांगितलं, माईकवरच सांगू, तेच जास्त शोभेल. पाटी कोण वाचतं? माझ्या डोक्यात तेव्हा इतकी हुशारी भरली होती की विचारू नका.

कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी पाचला होता. आई आली नाही, कारण आमच्याकडे पाणी एक दिवसाआड यायचं आणि त्या दिवशी नेमकी पाच ते सहा पाण्याची वेळ होती. "तुम्ही जा, मी भरून ठेवते," ती म्हणाली. बाबांनी कार्यक्रमाचा झब्बा घातला होता, मोतिया रंगाचा, इस्त्री केलेला. गिरगाव सोडल्यापासून तो मी बघितला नव्हता. मला त्याची लाज वाटली, हेही सांगून टाकते. हॉलमध्ये सगळे पालक इंग्रजीतून कुजबुजत होते आणि हे आपले झब्ब्यात, मांडीवर कापडी पिशवी घेऊन, चौथ्या रांगेत कडेला बसले होते.

दिवे मालवले. मिस ऑर्गनला बसल्या, पडद्याच्या वेगाने वाजवायचा सराव करून आल्या होत्या; मी प्रोजेक्टरपाशी. पहिली लाल पट्टी सरकत आली. पालकांनी पहिलं अर्धं मिनिट खाकरणं, खुर्च्या सरकवणं, मुलांना दामटणं वगैरे कर्तव्यं पार पाडली. हिरवा आला तशी पुढच्या रांगेतली एक पोर ओरडली, "मम्मा, वो देखो, सेम सेम!" आणि हॉल गप्प झाला. निळा आला. मग खालून केशरी आला तेव्हा मागे कुणीतरी चक्क "आला!" म्हणालं. ज्या लोकांना मी बदामाच्या लायकीचे समजत होते ते चारही आवाजांमागे डोळे फिरवत बसले होते. मध्ये एक टाळी पडली नाही. मी बाबांकडे बघितलं. त्यांची उजव्या हाताची बोटं पिशवीवर चालली होती, आणि ते हिरव्याबरोबर होते.

संपलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मिसनी मला पुढे बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि माईक माझ्या हातात दिला. चौथ्या रांगेत बाबांनी मांडीवरची पिशवी उचलून खाली जमिनीवर ठेवली आणि पाय जवळ घेतले.

मला ते दिसलं. नीट दिसलं. पहिल्या रांगेत स्टुडिओचे साहेब बसले होते. मी तोंड उघडायच्या आधी त्यांनीच इंग्रजीत विचारलं, "हातांचे आवाज तुम्ही वेगळे कसे केलेत? फाइलमध्ये तर ते सगळे एकत्र आले असणार."

"कानाने, सर," मी म्हटलं.

"तुमच्या?"

"हो सर. लहानपणापासून कान तयार आहे."

ते मान हलवून हसले. मिसही माझ्याकडे अभिमानाने बघत होत्या. मग मी आभार मानले. मिसचे मानले, प्रिन्सिपलचे मानले, शाळेचे मानले. काशीमीऱ्याच्या मालकाचे मानले, ज्याने लाल पट्टी जाड करायला सांगितली होती. प्रोजेक्टर भाड्याने देणाऱ्याचेही मानले. आणि थँक्यू म्हणून माईक परत दिला. वेळ भरपूर होता. 'वेळेअभावी' म्हणायचीसुद्धा सोय नव्हती.

टाळ्या वाजवण्यात बाबा सगळ्यांत पुढे होते, हात वर करून. टाळ्या थांबल्यावर त्यांनी वाकून पिशवी उचलली आणि परत मांडीवर घेतली.

येताना रिक्षात ते म्हणाले, "छान बोललीस. इंग्रजी स्वच्छ आहे हो तुझं." मग विचारलं, "ते साहेब काय म्हणाले?"

"सोमवारी अंधेरीला बोलावलंय."

"वा, वा," म्हणाले. "झालं तर मग." खरोखर आनंदाने म्हणाले. मला कुणी खाडकन कानाखाली दिली असती तर बरं झालं असतं. मी बाहेर बघत बसले. बाहेर बघण्यासारखं काय होतं? अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगी आणि 'बुकिंग चालू'च्या पाट्या. बाबा, चुकलं, एवढं म्हणायला पेणकरपाड्यापर्यंतचा सगळा रस्ता माझ्याकडे होता. मी म्हटलं नाही. नोकरी मला मिळाली, ती मी घेतली आणि पुढे पुष्कळ वर्षं चांगली केली.

तीन मजले चढून आलो. आईने आमची पावलं ओळखली असावीत, कारण बेल वाजवायच्या आधीच कडीचा आवाज आला. दार उघडता उघडता, कपाळावरचा घाम पदराने पुसत, तिने बाबांना विचारलं, "काय हो, नाव घेतलं का?"

आत गॅसवर चहाचं आधण ठेवलेलं दिसत होतं. तीन कप ओट्यावर मांडलेले होते.

"घेतलं की," बाबा म्हणाले. "अगदी माईकवर." आणि चपला काढून थेट बाथरूममध्ये गेले. तिने नुकत्याच भरून ठेवलेल्या बादलीतून तांब्या तांब्या पाणी पायांवर पडत असल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

आई माझ्याकडे बघत होती. गिरगावात अशा वेळी ती जे पुटपुटायची ते मला तोंडपाठ होतं, आणि मी त्याची वाट बघत दारातच उभी होते. ती काहीच म्हणाली नाही. आत गेली आणि तिने गॅस बंद केला.